बोरसे सरांची चूक

‘सगळे’ हा शब्द बोरसे सरांपुढे उच्चारायची सोय नव्हती. कुणी सहज म्हणालं, “सर, आजकालची पोरं सगळी मोबाइलमध्ये बुडालेली,” की सरांच्या हातातला चहाचा कप जागीच थांबायचा. चष्म्याच्या वरून ते त्या माणसाकडे बघायचे आणि विचारायचे, “बठ्ठा? एक बी सोडेल नही?” अहिराणीत बठ्ठा म्हणजे सगळे. समोरचा बापडा हसून वेळ मारून न्यायला बघायचा. सर हसायचे नाहीत. त्यांना खरोखरच उत्तर हवं असायचं. एक पोरगा वेगळा निघाला तर तुमचं वाक्य खोटं ठरतं, आणि खोटं वाक्य बोलून तुम्ही चहा कसा पिऊ शकता, असा त्यांचा साधा प्रश्न असे.

जळगावच्या बाजारात भरताची वांगी घेतानासुद्धा हाच प्रकार. वांगीवाली म्हणायची, “नाना, बठ्ठा कवळा शेतस.” सर टोपलीत हात घालून, खालून वरून चाचपून, एक बियांनी टच्च भरलेलं वांगं नेमकं बाहेर काढायचे आणि तिच्यापुढे धरायचे. एकदा ती वैतागून म्हणाली, “एक वांगाकरता इतलं बोलतस का नाना?” सर म्हणाले, “एकच लागस, माय.” मग तिच्याकडूनच दोन किलो वांगी घेऊन ते निघाले. पिशवी माझ्या हातात होती, म्हणून हे मला ठाऊक.

डॉ. हिलाल बोरसे हे माझे एम.एस्सी.चे गणिताचे प्राध्यापक. मूळ साक्री तालुक्यातल्या एका खेड्यातले. धुळ्याच्या वसतिगृहात राहून शिकले, धुळ्यातच एका कॉलेजात पंधरा-सोळा वर्षं शिकवलं आणि मग जळगावला विद्यापीठात आले. घर धुळ्याला देवपुरात, नोकरी जळगावला. सोमवारी पहाटेच्या एस.टी.ने यायचे, शनिवारी दुपारच्या एस.टी.ने परत. वर्गात इंग्रजी, ऑफिसात प्रमाण मराठी आणि मनापासून काही बोलायचं असलं की अहिराणी, अशा त्यांच्या तीन भाषा होत्या. अहिराणी सुरू झाली की आम्ही सावरून बसायचो.

पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर एक विधान लिहिलं आणि म्हणाले, “सिद्ध करा.” आम्ही तीसेक जण वह्यांवर तुटून पडलो. पाऊण तास झाला. कुणाचं पान भरलं होतं, कुणाची दोन पानं. माझं तर पूर्ण झालं होतं, खाली दोन रेघाही ओढल्या होत्या. सरांनी माझी वही उचलली. “तू कोन गावना?” मी म्हणालो, “असोदा.” ते म्हणाले, “असोदा, हाई विधान खोटं शे. तू खोटं सिद्ध करी टाकं.” वर्ग हसला. मग त्यांनी फळ्यावर एका ओळीचं उदाहरण लिहिलं आणि माझी दोन पानं जागच्या जागी कोसळली. “आधी मोडी देख,” ते म्हणाले. “नही मोडनं, तं मंग सिद्ध कर.” त्या दिवसापासून दोन वर्षं मी त्यांच्यासाठी फक्त असोदा होतो. सगळ्यांना ते गावाच्या नावानंच हाक मारायचे. “वरणगाव, खिडकी लाव.” “चोपडा, काल कुठे होतास?” आमची खरी नावं त्यांना गुणपत्रिकेपुरती माहीत असावीत.

सर प्रेमळ होते, असं मी म्हणणार नाही. माणसाच्या चांगल्या-वाईटाचं त्यांना काही सोयरसुतक नसे, त्याच्या वाक्याचं असे. मी नोकरीसाठी शिफारसपत्र मागितलं तेव्हा त्यांनी लिहून दिलं : ‘विद्यार्थी मेहनती आहे. सांगितलेलं नीट करतो. स्वतःहून फारसं काही सुचत नाही.’ ते पत्र मी कुठल्याच अर्जाला जोडलं नाही. तेव्हा सरांचा भयंकर राग आला होता. आता ते पत्र काढून वाचतो, तेव्हा त्यातलं एकही वाक्य मला मोडता येत नाही, आणि राग दुसऱ्याच माणसाचा येतो.

मोठे संशोधक वगैरे ते नव्हते. त्यांचे शोधनिबंध दोन्ही हातांच्या बोटांवर मोजावेत इतकेच. त्यामुळे प्रोफेसरपदही उशिरा मिळालं. आजूबाजूची मंडळी वर्षाला सहा-सहा निबंध छापून आणत होती. कुणी टोमणा मारला की सर म्हणायचे, “मी लिहितो ते आधी मोडायला वेळ लागतो. बहुतेक मोडतं.” प्रश्नपत्रिका काढण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आधी पेन्सिलीनं कच्चं लिहायचे, आठ दिवस बाजूला ठेवायचे, मग स्वतःच परीक्षेला बसल्यासारखे सोडवायचे आणि शेवटी शाईनं पक्की प्रत करायचे. टपोरं अक्षर, एक खाडाखोड नाही. कच्ची प्रत काकूंच्या, म्हणजे सरांच्या पत्नीच्या, चुलीत जायची. गॅस आल्यावरही काकूंनी पाण्याच्या बंबासाठी ती सोय ठेवली होती.

आणि अशा माणसाच्या हातून चूक झाली. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली असताना एम.एस्सी.च्या पेपरात त्यांनी आठ गुणांचा एक प्रश्न घातला. अमुक विधान सिद्ध करा. त्या विधानात ‘दोन्ही टोकं धरून’ अशी एक अट लागते. इंग्रजीत त्याला एकच शब्द आहे, ‘क्लोज्ड’. तो असला तर विधान खरं, नसला तर खोटं, इतका सरळ मामला. शाईची प्रत करताना तो शब्द राहिला. पेपर तपासून घेणाऱ्यांच्या नजरेतूनही सुटला. त्या सगळ्यांनी ते वाक्य इतक्या वेळा वाचलेलं होतं की नसलेला शब्दही त्यांना दिसत राहिला.

परीक्षेला बसलेल्या मुलांनीही तेच केलं. पाठ केलेली सिद्धता उतरवून काढली आणि आठापैकी सहा-सात गुण घेतले. एका मुलीनं मात्र तसं केलं नाही. नशिराबादची वैशाली. तिच्या वडिलांचं महामार्गावर पंक्चर काढायचं दुकान होतं. तिनं प्रश्न वाचला, आधी मोडून बघितला, आणि तो मोडला. चार ओळींत तिनं लिहिलं, की हे विधान खोटं आहे, शून्य आणि एकच्या मधे एक भागिले एक्स घेऊन बघा. तपासणाऱ्याकडे नमुना उत्तर होतं, त्यात दीड पान सिद्धता होती. या चार ओळी त्याच्याशी जुळेनात. त्यानं भोपळा दिला. फेरतपासणीत दुसऱ्यानंही नमुना उत्तर बघितलं आणि भोपळाच कायम केला.

वैशालीला पंचावन्न टक्क्यांना सहा गुण कमी पडले. बाहेरच्या माणसाला यात काय मोठंसं, असं वाटेल. पण कॉलेजात शिकवायचं तर एम.एस्सी.ला पंचावन्न टक्के लागतात. ते नसतील तर सेट-नेटचा अर्जदेखील भरता येत नाही. वरचा वर्ग मिळवायला पुन्हा परीक्षा द्यावी, तर त्याच वर्षी अभ्यासक्रम बदलला आणि तो पेपरच बंद झाला. म्हणजे तिच्यापुढे दार बंद आणि किल्ली सरांच्या शाईत अडकलेली.

ती उत्तरपत्रिकेची छायाप्रत घेऊन सरांकडे गेली. पेपर कुणी काढला हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं, ते गुपित असतं. तिनं एवढंच विचारलं, “सर, माझं काय चुकलं?” सरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. “तुन्हं काहीच चुकनं नही,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा विभागात जाऊन त्यांनी स्वतःची हस्तलिखित प्रत मागून घेतली. छापणाऱ्याकडून शब्द गळाला असेल अशी थोडी आशा त्यांना होती, असं त्यांनी मला पुढे सांगितलं. प्रत त्यांच्याच अक्षरात होती आणि तिथे तो शब्द नव्हता.

सरांनी त्याच टेबलावर बसून अर्ज लिहिला : ‘प्रश्न चुकीचा आहे. चूक माझी आहे. नियमाप्रमाणे विद्यार्थ्यांना गुण द्यावेत.’ परीक्षा विभागातला अधिकारी भला माणूस होता. त्याला घाम फुटला. चूक मान्य केली तर साऱ्या वर्गाचा निकाल फिरणार, पहिला आलेला दुसरा होणार, सुवर्णपदक इकडचं तिकडे जाणार, पेपरात बातमी येणार, आणि महिन्याभरात मूल्यांकन समिती विद्यापीठ बघायला येणार होती. त्यानं सरांना हळूच वाट दाखवली. “सर, आपण टायपिंगची चूक म्हणू. ऑपरेटर कंत्राटी आहे, त्याला समज देऊ, त्या मुलीचे गुण वाढवू, विषय मिटेल.” सर उठून उभेच राहिले. “त्यानी जे लिखेल व्हतं तेच टाईप करं,” ते म्हणाले. “त्यानं का म्हणून?”

मग अशा वेळी जे करतात ते करण्यात आलं. तीन जणांची समिती नेमली. अध्यक्ष दुसऱ्या विभागाचे प्रमुख, दुसरे एक प्राचार्य आणि तिसरा मी.

मी तेव्हा धुळ्याच्या एका कॉलेजात नुकताच कायम जागेवर लागलो होतो. नुकताच म्हणजे नऊ वर्षं तासिका तत्त्वावर घासल्यानंतर. परिवीक्षेचा, म्हणजे प्रोबेशनचा, काळ चालू होता आणि विद्यापीठाची मान्यता यायची होती. ती मान्यता ज्यांच्या सहीनं यायची त्यांच्याशी समितीच्या अध्यक्षांची रोजची ऊठबस होती. हे मला कुणी सांगितलं नाही. असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. “सरांचे विद्यार्थी म्हणून तुमचं नाव आवर्जून घातलंय,” असं अध्यक्ष फोनवर म्हणाले. मला बरं वाटलं होतं, हेही लिहून टाकतो.

बैठकीच्या खोलीत फळा नव्हता. सर खिशात खडू घेऊन आले होते, तो त्यांनी परत ठेवला आणि कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर आकृती काढली. शून्य ते एक, वर चढत जाणारी रेघ. दोन मिनिटांत त्यांनी सांगून टाकलं. त्यात न कळण्यासारखं काहीच नव्हतं, बी.एस्सी.च्या पोराला कळेल इतकं ते सोपं होतं. अध्यक्षांनी मान डोलावली, चहा मागवला आणि म्हणाले, “बोरसे सर, ‘क्लोज्ड’ शब्द लिहिला नसला तरी तो अध्याहृत आहे. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यानं तो धरून चालायला हवा.”

“मी धरला नव्हता, मी विसरलो होतो,” सर म्हणाले.

“तुमचा विनय आहे हा.”

“विनय कसला? विधान खोटं आहे.”

प्राचार्य समजुतीच्या सुरात म्हणाले, “सर, तुमच्या चौतीस वर्षांच्या सेवेला आम्ही डाग कसा लागू देऊ? तुमची चूक आम्हाला मान्य नाही.” माझ्या आयुष्यात मी पुष्कळ बैठका बघितल्या. आपली चूक झाली हे पटवून देण्यासाठी एक माणूस धडपडतोय आणि बाकीचे त्याला निर्दोष ठरवायला निघालेत, अशी बैठक तेवढी एकच. हसू यावं असाच प्रकार होता. मला हसू आलं नाही, कारण अध्यक्ष माझ्याकडे वळले होते.

“तुम्ही तर सरांच्या हाताखाली शिकलात. सांगा, अध्याहृत धरता येईल की नाही?”

मी सरांकडे बघितलं नाही. समोरच्या बिस्किटांच्या बशीकडे बघत म्हणालो, “संदर्भानं... धरता येईल.”

“लिखेल शे का?” सरांनी विचारलं.

“लिहिलेलं नाही सर. पण संदर्भानं...”

“पोरीनं काय करायचं होतं? मनातला शब्द वाचायचा होता?”

अध्यक्षांनी कारकुनाला ठराव सांगितला : प्रश्न योग्य आहे, गुणांत बदलाची आवश्यकता नाही, समितीचा निर्णय एकमताने. कारकुनानं तो तिथेच छापून आणला. दोघांनी सह्या केल्या आणि कागद माझ्यापुढे आला. सर्वांत खाली माझं नाव होतं. सर टेबलाच्या पलीकडून वाकले, ‘एकमताने’ या शब्दावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, “बठ्ठा?”

मी सही केली.

सर त्या दुपारी गावी गेले नाहीत. नशिराबादच्या बसमध्ये बसले आणि थेट त्या पंक्चरच्या दुकानी उतरले. हे मला नंतर वैशालीनं सांगितलं. तिचे वडील ट्रकच्या चाकाशी झटत होते. सरांनी त्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, “तुमनी पोर बरोबर शे. चूक मन्ही शे. विद्यापीठ मानत नाही.” वडिलांना त्यातलं गणित कळलं नाही, पण एवढा शिकलेला माणूस आपल्या दारात उभा राहून चूक कबूल करतोय हे कळलं. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, “सर, हे कागदावर लिहून देता का?” सरांनी दुकानातल्या बाकावर बसून लिहून दिलं. खाली तारीख, सही आणि घरचा पत्ता.

त्या कागदाचा उपयोग शून्य. समितीच्या निर्णयापुढे एकट्या माणसाच्या कबुलीला किंमत नसते, मग ती चूक करणाऱ्याचीच का असेना. सरांनी नियमांची पुस्तकं चाळून काढली. निर्णयाचा फेरविचार होऊ शकत होता, पण समितीतल्या सदस्यानं लेखी मागणी केली तरच. अध्यक्ष आणि प्राचार्य करणार नव्हते. उरलो मी.

महिनाभरानं सर माझ्या कॉलेजात आले. स्टाफरूममध्ये बाकीचे होते, म्हणून आम्ही सायकल स्टँडपाशी उभे राहिलो. त्यांनी नियम वाचून दाखवला. मला वाटलं होतं, ते रागावतील. ते वर्गात प्रमेय सांगावं तशा आवाजात बोलत होते. मी म्हणालो, “सर, माझी परिवीक्षा संपू द्या. आता लिहिलं तर मला घरी बसवतील.” बायको, पोरगी, असोद्याला आई-बाप, सगळं मी सांगितलं. ते सगळं खरं होतं. सर म्हणाले, “कधी संपस?” मी म्हणालो, “पुढच्या जूनला.” त्यांनी खिशातल्या डायरीत लिहून घेतलं.

पुढच्या जूनला ते आले. “संपनं का?” परिवीक्षा संपली होती, मान्यतेचं पत्र मात्र यायचं होतं. मी तसं सांगितलं. तेही खरं होतं. सरांनी पुन्हा डायरी काढली. मला त्या डायरीची भीती वाटायला लागली होती. देवपुराकडून येणारा कुणीही उंच माणूस दिसला की मी प्रयोगशाळेत जाऊन बसायचो. गणिताच्या माणसाचं प्रयोगशाळेत काय काम, असं शिपाई विचारायचा.

त्यानंतरच्या वर्षी सर निवृत्त झाले. विद्यापीठानं सेवापूर्तीचा थाटाचा कार्यक्रम केला. माझं मराठी बरं म्हणून मानपत्र लिहायचं माझ्याकडे आलं. अध्यक्षांनी एक वाक्य सुचवलं आणि मी ते नीट सजवून घातलं : ‘सरांच्या लेखणीतून उतरलेल्या प्रश्नपत्रिकेत उभ्या हयातीत एकही चूक आढळली नाही.’ ते वाचलं जात असताना मी मांडवाच्या खांबाआड उभा होतो. सर सत्काराला उत्तर द्यायला उठले. शाल खांद्यावरून काढून त्यांनी खुर्चीवर ठेवली आणि म्हणाले, “मानपत्रातलं एक वाक्य खोटं आहे. माझी चूक झालेली आहे, आणि तिच्यामुळे एका मुलीचं...” इतकं बोलेपर्यंत टाळ्या सुरू झाल्या. लोकांना वाटलं, किती हा मोठेपणा! सूत्रसंचालिकेनं लगेच दुसरा माइक उचलला. “फळांनी लगडलेलं झाड असंच झुकतं, मित्रहो!” आणखी टाळ्या झाल्या. सर ओठ हलवत होते, ऐकू काही येत नव्हतं. मग जेवणं झाली. भरीत उत्तम होतं, लोकांनी मागून मागून घेतलं.

काकू दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाल्या, “रात्री जेवले नाहीत. मला म्हणतात, मी चुकलो हे सुद्धा माझं मला बोलू देत नाहीत.” मी म्हणालो, “काकू, सर फार मनाला लावून घेतात.” फोन ठेवल्यावर माझीच मला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून माणूस काही करतोच असं नाही, हे मी माझ्याकडे बघून शिकलो आहे.

तिसऱ्यांदा सर आले ते माझ्या घरी. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. पांझरा नदीचा पूल पायी ओलांडून भर दुपारी आले होते. छातीचं दुखणं सुरू झालेलं, मधेच थांबून श्वास घेत होते. माझ्या बायकोनं सरबत दिलं. माझी पदोन्नतीची फाईल तेव्हा विद्यापीठात होती. मी ते सांगितलं. या वेळी त्यांनी डायरी काढली नाही. सरबताचा पेला संपवला, खाली ठेवला आणि म्हणाले, “असोदा, तुन्ही कारणं बठ्ठी खरी शेतस. मी एक बी मोडी शकत नही.” त्यांच्या तोंडून तो शब्द एखाद्याच्या बाजूनं निघालेला मी पहिल्यांदाच ऐकला. मग ते चपला घालू लागले. मी म्हणालो, “सर, रिक्षा बोलावतो.” ते म्हणाले, “नको, सावली शे पुलापर्यंत.” सावली कुठेच नव्हती.

त्यानंतर ते माझ्याकडे आले नाहीत. मीही गेलो नाही. पदोन्नती झाली, पुढे विभागप्रमुख झालो, अभ्यास मंडळावर गेलो. सरांच्या बातम्या कानावर येत. दर जूनमध्ये ते परीक्षा विभागाला एक पत्र पाठवतात, तिथली पोरं ते आवक रजिस्टरला चढवतात आणि फाईलला लावतात. नवीन आलेल्या एका कारकुनानं मला हसत विचारलं, “सर, हे बोरसे म्हणून कोण आहेत हो? थोडे सरकलेले आहेत का?” मी त्याला रागावलो नाही. “जुने प्राध्यापक आहेत,” एवढंच म्हणालो.

गेल्या पावसाळ्यात माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरांचा फोटो आला आणि खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. मी पण हात जोडले. आठवड्यानं आमच्या कॉलेजच्या सभागृहात शोकसभा झाली. समितीतले ते प्राचार्य आता खूप थकले आहेत, तेही मुद्दाम जळगावहून आले होते. त्यांचा आवाज दाटून आला होता आणि ते खोटं नव्हतं. “असा निर्दोष शिक्षक पुन्हा होणे नाही,” ते म्हणाले. “आम्ही सगळे त्यांच्यापुढे विद्यार्थी.” त्यांच्यानंतर मी बोललो. वांग्यांची गोष्ट सांगितली, असोद्याची सांगितली, लोक हसले, दोघा-तिघांनी डोळे पुसले. भाषण चांगलं झालं. सभा दोन मिनिटं उभी राहिली आणि पांगली.

मी खाली आलो तेव्हा जिन्याशी वैशाली उभी होती. मी तिला त्याआधी एकदाच भेटलो होतो, दुकानातली ती गोष्ट तिनं सांगितली तेव्हा, तरी ओळखलं. केसांत थोडे पांढरे आले होते. नशिराबादजवळच्या एका खाजगी शाळेत ती आठवी-नववीला अपूर्णांक शिकवते, मानधनावर, दर जूनला नवा आदेश घेऊन. मी म्हणालो, “सर फार मोठे होते.”

“सर, एक विचारू? त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं ना, माझं उत्तर बरोबर होतं?”

दहा वर्षांत हा प्रश्न मला कुणी सरळ विचारला नव्हता. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी म्हणालो, “हो.”

तिनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं. “बोरसे सरांचं पत्र आहे माझ्याकडे,” ती म्हणाली. “विद्यापीठात गेले की म्हणतात, सदस्याची मागणी आणा. सहा गुण मिळाले तर सेटचा अर्ज अजून भरता येईल मला. वयाची अट नाही.” मग म्हणाली, “तुमचं आता सगळं झालंय ना सर? मान्यता, पदोन्नती. आता काही अडचण नसेल.”

अडचण खरोखर कुठलीच नव्हती. अध्यक्ष केव्हाच निवृत्त झाले होते, प्राचार्य काठी टेकत गाडीत बसत होते, माझी फाईल कुणाच्याही टेबलावर नव्हती. पान भरायला दहा मिनिटं लागली असती. फक्त त्या पानावर मला लिहावं लागलं असतं, की मी जाणूनबुजून खोट्यावर सही केली, आणि ते पान परीक्षा विभागातल्या त्याच फाईलला लागलं असतं, जिथे ती पोरं वाचून हसतात. माझ्या खिशाला पेन होतं. वैशालीनं पर्समधून कोरा कागद काढून ठेवलेला मला दिसला.

“बघतो,” मी म्हणालो.

तिनं कागदाची घडी घातली, तो पर्समध्ये ठेवला आणि जळगावची बस गाठायला ती निघून गेली.